बाईला न शोभणारा धंदा

पी. डी. जेम्स या इंग्रज लेखिकेची 'अ‍ॅन अनसूटेबल जॉब फॉर अ वुमन' ही कादंबरी १९७२ सालची. पन्नास वर्षं उलटून गेली तिला. आमच्या वाचनमंडळात यंदा रहस्यकथांवर बोलायचं ठरलं तेव्हा मी हीच निवडली. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. खून-मारामारीत काय वाचायचंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी आणि ज्यांनी पुस्तक वाचलं पण अर्ध्यातच ठेवलं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शेवट सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही. म्हणून आधी पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.

कॉर्डेलिया ग्रे बावीस वर्षांची. लंडनच्या किंगली स्ट्रीटवर एका पडक्याशा ऑफिसात बर्नी प्राइड नावाचा माजी पोलीस खासगी गुप्तहेराचा धंदा चालवतो, त्याची ती भागीदार. एके दिवशी ती ऑफिसात येते तर बर्नी खुर्चीत मरून पडलेला. कॅन्सर झाल्याचं कळलं होतं, त्याने मनगटं कापून घेतली. तिच्या वाट्याला काय, तर न चालणारा धंदा आणि एक बिनपरवान्याचं पिस्तूल. आता तू दुसरी नोकरी बघशील ना, हे काम काही बाईमाणसाचं नाही, असं तिला पहिल्यांदा कोण सांगतं? जवळच्या दारूच्या गुत्त्यावरची बाई. हे वाचून मला हसूच आलं. मुलीला घरी बसवायला पुरुष लागतातच असं कुठंय!

पुढे कॉर्डेलियाला पहिलं स्वतंत्र काम मिळतं. सर रोनाल्ड कॅलेंडर हे केंब्रिजजवळचे मोठे शास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा मार्क केंब्रिज विद्यापीठात इतिहास शिकत होता. शेवटची परीक्षा तोंडावर आली असताना तो कॉलेज सोडतो, एका कुटुंबाकडे माळ्याचं काम धरतो, त्यांच्या बागेतल्या जुन्या झोपडीत राहतो, आणि काही दिवसांनी तिथेच गळफास लागलेला सापडतो. जवळ टाइप केलेली चिठ्ठी, तीत ब्लेक कवीचा उतारा. चौकशीत आत्महत्या ठरते. सर रोनाल्डना हवंय ते एवढंच, की मुलाने हे का केलं ते शोधून काढावं.

आता गुप्तहेराने काय करायचं? आपल्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असता तर वेष पालटून शत्रूच्या अड्ड्यात शिरला असता. कॉर्डेलिया त्या झोपडीत राहायला जाते. मार्कच्याच चुलीवर चहा करते, त्याच्या पुस्तकांमध्ये झोपते, थंडी वाजली की त्याचा हाताने विणलेला स्वेटर अंगात घालते. बर्नीने तिला शिकवलेलं असतं, की मेलेल्या माणसाची ओळख करून घे, त्याच्याबद्दलची कुठलीच गोष्ट क्षुल्लक नसते. ही त्याचीही अक्कल नव्हे, त्याचा पोलीसखात्यातला जुना साहेब अ‍ॅडम डॅलग्लिश याची. ती मात्र हे तंतोतंत पाळते.

आणि तिला पहिली शंका येते ती कशावरून, तर घरकामावरून! मार्कने बागेत खणायला घेतलेली ओळ अर्धीच राहिलेली आहे. खणायचा काटा माती न पुसता तसाच जमिनीत रोवलेला. स्वयंपाकघरात शिजवून ठेवलेलं जेवण न खाल्लेलं. बाकीची सगळी बाग बघा, तर नीटनेटकी, अवजारं पुसून जागच्या जागी. असा मुलगा ओळ मध्येच टाकून, रांधलेलं तसंच ठेवून मरायला जाईल का? मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाही पडला असता. निम्मी भाजी चिरून, विळी आडवी न करता बाई उठून गेली असेल तर काहीतरी झालंय, नाहीतर कुणीतरी आलंय, हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. जेम्सबाईंनी हे ज्ञान शोधाच्या मध्यभागी आणून ठेवलं, आणि कुठेही 'बघा, बायकांची नजर' अशी टिमकी वाजवली नाही. मार्कचा शिक्षक एका ठिकाणी म्हणतो, की उलट हा धंदा बाईलाच शोभणारा आहे, चौकस बुद्धी, चिकाटी आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची आवड, एवढंच तर लागतं. टोमणाच तो. पण पुस्तक त्याला खरं करून दाखवतं.

इथे अगाथा ख्रिस्तीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. १९५५ सालच्या 'हिकरी डिकरी डॉक'मध्ये लंडनचं विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह आहे. तिथे वस्तू चोरीला जाऊ लागतात, मग सेलिया नावाची मुलगी मॉर्फिनने मरते, आणि आधी आत्महत्या वाटलेलं ते मरण खून ठरतं. वसतिगृहात भारतीय विद्यार्थीही आहेत, पण बाई त्यांच्यावर फार वेळ घालवत नाहीत, आणि घालवतात तो वाचताना आपल्याला बरं वाटत नाही. पॉयरो सगळं अचूक जुळवतो. पण सेलिया गेली याचं कुणाला काही वाटलं का? दोन प्रकरणांनंतर मलाही तिचा चेहरा आठवेना. ख्रिस्तीबाईंच्या गोष्टीत मेलेली पोर म्हणजे कोड्यातला पहिला शब्द, कोडं सुटलं की कागद घडी घालून ठेवायचा. जेम्सबाईंकडे तसं होत नाही. मार्क पहिल्या पानाच्याही आधी मेलेला आहे, तरी पुस्तक मिटताना तोच सगळ्यात जिवंत वाटतो.

खुनी कोण ते सांगते. बापच. मार्कला आजीसारख्या म्हाताऱ्या दाईने एकविसाव्या वाढदिवसाला आईचं प्रार्थनेचं पुस्तक दिलेलं असतं. त्यात लिहिलेल्या रक्तगटावरून त्याला कळतं, की जिला आपण आई समजलो ती आपली आई नव्हतीच. खरी आई म्हणजे बापाच्या घरी सगळा कारभार बघणारी मिस लीमिंग. सासऱ्याच्या इस्टेटीसाठी रचलेलं हे जुनं खोटं. मुलगा ते उघडं करील या भीतीने सर रोनाल्ड त्याला मारतात.

नुसतं मारत नाहीत. मुलगा काहीतरी चोरटे, लाजिरवाणे चाळे करताना चुकून मेला असं दिसावं म्हणून त्याला बायकी कपडे घालतात, ओठाला लिपस्टिक लावतात. म्हणजे कुणी फार खोलात शिरणार नाही, आणि शिरलं तरी लाजेने गप्प बसेल. हा हिशेब किती थंड डोक्याने केलाय बघा. पुढे मिस लीमिंग तिथे पोचते. ती आई. ती त्याचा चेहरा पुसते, कपडे बदलते, चिठ्ठी टाइप करून ठेवते. आत्महत्या म्हणाले तरी चालेल, पण पोराची अब्रू राहू दे! घाईत वरच्या ओठावर लिपस्टिकचा एक फिकट डाग राहून जातो.

पुस्तकाचं मर्म माझ्या मते इथे आहे, आणि आमच्या मंडळातली चर्चाही इथेच अडली. या कादंबरीत मरणाचा देखावा तीनदा बदलला जातो. एकदा बाप बदलतो, स्वतःला वाचवायला. एकदा आई, पोराचं नाव वाचवायला. तिसऱ्यांदा कॉर्डेलिया. ती सर रोनाल्डना तोंडावर सगळं बोलून दाखवते, ते कबूलही करतात, पुरावा कुठंय म्हणून वर विचारतात. दाराआडून ऐकणारी मिस लीमिंग आत येते आणि बर्नीच्याच पिस्तुलाने त्यांना गोळी घालते. आणि आपली सरळमार्गी कॉर्डेलिया काय करते, तर त्या खुनाला आत्महत्येचं रूप द्यायला मदत करते. पुढे साक्षात डॅलग्लिश समोर बसवून विचारतो, तरी ती मोडत नाही.

एक बाई म्हणाल्या, "खोटं ते खोटंच की हो." दुसरीने लगेच रत्नकरंड श्रावकाचाराचा आधार काढला. पाठशाळेत आपण सगळ्या शिकलोय ते. ज्या खऱ्यामुळे दुसऱ्यावर विपत्ती येईल ते खरंही श्रावकाने बोलू नये, असं सत्याणुव्रतात समंतभद्राचार्य सांगतात. मग कॉर्डेलिया बरोबरच! पण मला हे इतकं सोपं वाटत नाही. कारण पाप तीन वाटांनी लागतं हेही आपण शिकलोय, केलेलं, करवलेलं आणि अनुमोदन दिलेलं. ठरवून केलेल्या हिंसेवर पांघरूण घालणं अनुमोदनात बसतं की नाही? माझं मत असं, की कॉर्डेलियाच्या मनात मिस लीमिंग नाहीच, तिथे मार्क आहे. खटला चालला असता तर वकिलांनी मार्कचा तो सजवलेला देह कोर्टात पुन्हा उभा केला असता, वर्तमानपत्रांनी चवीने छापला असता. ते तिला नको होतं. म्हणून तिने खऱ्याचा बळी दिला. ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, जेम्सबाईही म्हणत नाहीत. तिला काय मोजावं लागलं ते मात्र त्या नीट दाखवतात.

आपल्या बाजूला यायचं तर, शिकणाऱ्या मुलाचं असं काही झालं की देखावा बदलायची घाई आपल्याकडेही कमी नसते. देशात २०२२ या एकाच वर्षात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. पण घरोघरी काय सांगतात? 'अटॅक आला', 'पाय घसरला'. चिठ्ठी कुणीतरी आधी खिशात घालतं. मुलगी असेल तर तिच्या मैत्रिणींना आत बोलावून विचारतात, 'कुणाशी काही होतं का गं?' आणि उत्तर येण्याआधीच सगळ्यांनी मनात ठरवलेलं असतं. कॉलेजवाले परीक्षेचं वेळापत्रक पुढे ढकलतात, मोकळे होतात. त्या पोरीच्या खोलीत दोन दिवस बसून, तिच्या वह्या चाळून, तिने रांधलेलं कुणासाठी होतं हे कोण बघतं? आईलाही बघू देत नाहीत, तिला तर आधी झोपेची गोळी देतात. मार्कच्या मरणाबद्दल सार्जंट मॅस्केलला पहिल्यापासून संशय असतो, दोराची गाठ त्याला पटत नाही. पण निकाल लागल्यावर त्याचे हात बांधलेले. फुरसत असते ती फक्त ह्या बिनकामाच्या पोरीला.

पुस्तकात उणिवा आहेत. मार्कची मित्रमंडळी सगळीच सुंदर, सगळीच हुशार, नदीत होड्या वल्हवत टोचून बोलणारी, मला ती एकमेकांपासून वेगळी करता आली नाहीत. केंब्रिजचं ऊन जरा जास्तच सोनेरी पडलंय. आणि गुन्हेगारांना शिक्षा द्यायची पाळी आली की बाई वाहनांना पुढे करतात. कॉर्डेलियाला विहिरीत ढकलणारा लन लॉरीखाली जातो, मिस लीमिंगही मोटार अपघातात. एकदा चालून गेलं असतं, दोनदा म्हणजे लेखिकेने आवराआवर केली.

पण तिच्या मरणाची बातमी येते ती जागा वाचा. एवढा वेळ दगडासारखी बसलेली कॉर्डेलिया डॅलग्लिशसमोर एकदम रडू लागते. मिस लीमिंगसाठी नव्हे, मार्कसाठीही नव्हे, तर बर्नीसाठी! तुम्ही त्याला नोकरीवरून काढलंत, नंतर तो जगला की मेला विचारलं नाहीत, आणि तो शेवटपर्यंत तुमचीच वाक्यं घोकत राहिला, असं ती त्याला ऐकवते. पहिल्या प्रकरणात खरी आत्महत्या झाली होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, आपणही नाही. आपण वाचक मार्कच्या खोट्या आत्महत्येमागे दोनशे पानं धावलो आणि बर्नीला विसरलो. लेखिकेने ते ध्यानात ठेवलं होतं.

जेम्सबाईंना हे कुठून सुचलं असेल, ते त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की थोडं कळतं. जन्म १९२० चा, शाळा केंब्रिजचीच, पण सोळाव्या वर्षी सुटली. नवरा युद्धावरून आला तो मनाने आजारी होऊन. दोन मुली पदरात. रुग्णालयांच्या कचेरीत नोकरी, पुढे गृहखात्यात, आणि पहिली कादंबरी छापून आली तेव्हा वय बेचाळीस. कॉर्डेलियालाही बाप सोळाव्या वर्षी कॉन्व्हेंटमधून काढतो, केंब्रिजला जायचं तिचं राहूनच जातं. म्हणून त्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात ती वावरते तेव्हा तिच्या नजरेत थोडी हाव आहे, थोडा रागही. त्या पानांवर बाई स्वतःच उभ्या आहेत असं मला वाटतं.

१९८२ साली त्यांनी कॉर्डेलियाला पुन्हा एकदा आणलं, 'द स्कल बिनीथ द स्किन'मध्ये. तिथे तिची एजन्सी हरवलेली मांजरं शोधून पोट भरते, ते वाचायला गमतीचं आहे. बाकी बेटावरचा वाडा, नाटकमंडळी, रक्त असा पसारा फार. वाचनालयात दोन्ही मिळाली तर हे पहिलं घ्या.