न सरलेला काळ : ‘मिसेस डॅलोवे’मधील सेप्टिमस

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या कादंबरीतील सेप्टिमस वॉरन स्मिथ हे पात्र म्हणजे वेडाचे एक प्रभावी चित्र, असे सामान्यतः मानले जाते. हे मत चुकीचे नसले तरी अपुरे आहे. सेप्टिमसची व्यथा मूलतः काळाच्या जाणिवेची आहे. जे घडून गेले ते त्याच्यापुरते भूतकाळात जमाच होत नाही.

कादंबरीचा काळ जून १९२३ मधील एका दिवसाचा. युद्धविराम होऊन साडेचार वर्षे उलटलेली आहेत. क्लॅरिसाही त्या दिवशी आपल्या तारुण्यात वारंवार जाते. परंतु ती परत येते, कारण ती आठवण आहे हे तिला ठाऊक असते. सेप्टिमसला ही परतीची वाट नाही. बाँड स्ट्रीटवर मोटारीचा बार उडताच तो जागीच खिळतो. युद्धविरामाच्या किंचित आधी इटलीत मारला गेलेला त्याचा अधिकारी एव्हान्स रीजंट्स पार्कमध्ये त्याच्यासमोर येतो. त्या मृत्यूच्या वेळी आपणांस फारसे दुःख झाले नाही याचा त्याला अभिमान वाटला होता. पुढे ती बधिरताच त्याला भेडसावू लागते.

डॉ. होम्स यांच्या मते त्याला काहीच झालेले नाही. सर विल्यम ब्रॅडशॉ आजाराचे गांभीर्य ओळखतात, परंतु पत्नीपासून दूर विश्रामगृहात राहण्याचा आदेश देतात. रुग्ण बोलू पाहतो तेव्हा ते ऐकून घेत नाहीत. अखेर होम्स जिना चढून येताच सेप्टिमस खिडकीतून उडी घेतो.

‘शेल शॉक’ ही संज्ञा १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून वैद्यकीय वाङ्मयात आली. ‘आघातोत्तर तणाव विकार’ या निदानास अमेरिकन मानसोपचार संघटनेची अधिकृत मान्यता मिळाली ती १९८० मध्ये. दचकणे, बधिरता, प्रसंगाची पुनरनुभूती ही त्यातील लक्षणे या कादंबरीत आधीच आढळतात. तथापि तेवढ्यावरून तिला रुग्णवृत्तान्त ठरविणे योग्य नव्हे. निदान लक्षणे मोजते. कादंबरी ती आतून भोगावयास लावते.

हा भेद मराठीत आणताना कसोटी लागते ती क्रियापदाची. ‘एव्हान्स दिसल्याचा भास झाला’ असे लिहिले की निवेदन नकळत डॉक्टरांच्या पक्षात जाते. ‘एव्हान्स आला आहे’ असे लिहिले तरच वाचक सेप्टिमसच्या शेजारी उभा राहतो. आणि त्याचे दुःख समजून घेण्याचा प्रारंभ तेथूनच होतो.