रुळांवरची भाकर आणि बातमीतला माणूस

8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली 16 मजूर चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ही माणसे मध्य प्रदेशातील शहडोल, उमरिया भागातली. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ती रुळांवरून पायी निघाली होती. त्यानंतर देशभर फिरले ते रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचे छायाचित्र. मराठीत कित्येकांनी त्या चपात्यांची भाकर केली. भाकर म्हटले की पांढरपेशा वाचकाला गहिवर लवकर येतो!

छायाचित्र खोटे नव्हते. प्रश्न आहे तो त्याने बातमीतली कोणती जागा व्यापली हा. वाचलेल्या मजुरांनी सांगितले होते की घरी जाण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला, पण उत्तर आले नाही. खरी बातमी या वाक्यात होती. अर्ज करणारा माणूस व्यवस्थेकडे हक्क मागत असतो. त्याचा अर्ज कोणाच्या टेबलावर पडून राहिला, हे विचारणे बातमीदाराचे काम. परंतु 'हतबल', 'बिचारे', 'गावाची ओढ' या शब्दांच्या गर्दीत तो अर्ज दिसेनासा झाला. दलित साहित्याने सहानुभूतीच्या लेखनावर घेतलेला जुना आक्षेप येथे जसाच्या तसा लागू पडतो. सहानुभूती माणसाला दुःख देते, वाचा देत नाही.

24 मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री लागू झाली. मध्ये चार तास. ठेकेदाराने परराज्यात नेलेल्या मजुराला प्रवासभत्ता व विस्थापनभत्ता द्यावा, असे सांगणारा 1979 चा कायदा तेव्हा लागू होता. त्याची आठवण किती मथळ्यांना झाली? उलट 'रुळावर झोपलेच कशाला?' हा सवाल मात्र घरोघर पोहोचला. 15 मे रोजी सर्वोच्च न्यायालयातही तशाच आशयाचे उद्गार निघाले. आणि सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितले की वाटेत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी आपल्याकडे नाही. ज्यांच्या मरणाची नोंदच नाही त्यांची भरपाई कोण मागणार?

या भाषेचा उगम संपादकाच्या खुर्चीपाशी शोधावा लागतो. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलॉन्ड्री यांच्या 2019 च्या पाहणीत वृत्तमाध्यमांतील 121 प्रमुख पदांपैकी 106 पदांवर सवर्ण आढळले. दलित वा आदिवासी एकही नव्हता. 'मूकनायक' निघाल्याला 2020 साली शंभर वर्षे झाली, त्याचे गौरवलेख यांतल्याही काही पत्रांनी छापले. करमाडच्या मृतांत गोंड आदिवासी बरेच होते. बहुतेक बातम्यांत मात्र ते 'परप्रांतीय मजूर' एवढेच राहिले.