तेल, नियम आणि मोडलेली फांदी

मंडळी, कार्यकारणभाव हा आपला नेहमीचा विषय. आज तो एका चालू वादाला लावून पाहू. पर्यावरणाच्या नियमांमुळे देशातलं तेल-वायू उत्पादन खुंटतं, आयात वाढते, रोजगार बुडतो, असं वारंवार ऐकू येतं. हा युक्तिवाद आम्हाला तपासायचा आहे.

त्यातलं खरं आधी मान्य करू. परवानगी रखडली म्हणून कर्जाचं व्याज थांबत नाही. रिग नुसती उभी असली तरी तिचं भाडं चालूच राहतं. छोट्या कंपनीला हे जास्त जाचतं. पण यावरून निघतं ते एवढंच, की नियम पाळायला पैसे लागतात. ‘म्हणून उत्पादन घटलं’ ही पुढची पायरी आहे, आणि ती वेगळी सिद्ध करावी लागते.

भारतात 2011-12 मध्ये सुमारे 3.8 कोटी टन कच्चं तेल निघालं. 2022-23 मध्ये ते 3 कोटींच्या खाली आलं. का? मुंबई हाय 1974 मध्ये सापडलं, 1976 पासून उपसा चालू आहे. साठा जुना झाला की दाब उतरतो, तेलाबरोबर पाणी जास्त येतं. त्या तोडीचं नवं क्षेत्र नंतर हाती लागलेलं नाही. उलट अमेरिका बघा: 2008 मध्ये रोज सुमारे 50 लाख बॅरल, 2023 मध्ये 129 लाखांच्या आसपास. पर्यावरणाचे कायदे तिथेही होतेच. फरक पाडला तो शेल खडकातून तेल काढण्याच्या तंत्राने. नियम नसते तर आणखी वाढलं असतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण मग ‘नियमांनी उत्पादन मारलं’ हे विधान त्याने मागे घ्यावं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढ्यावर कावळ्याला दोषी धरता येत नाही.

आता वहीचं दुसरं पान. जानेवारी 2020 मध्ये केंद्राने तेल-वायूच्या शोधविहिरींना जनसुनावणीतून सूट दिली. त्याच वर्षी 27 मे रोजी आसाममधल्या बागजानला एका विहिरीतून वायू उसळला. 9 जूनला आग लागली, अग्निशमन दलाचे दोघे दगावले, हजारो माणसं छावण्यांत गेली. विहीर बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. सवलतीमुळे हे घडलं असं आम्ही म्हणणार नाही. विहीर जुनी होती. तसं म्हणणं म्हणजे पुन्हा तोच कावळा. पण शेजारच्या मागुरी-मोटापुंग तळ्यावर मासे धरून जगणाऱ्यांचं जे गेलं, ते आधी कोणत्या प्रकल्पाच्या खर्चात धरलं होतं?

आमचं म्हणणं इथे आहे. धोक्याची किंमत नियमाच्या आधीही असतेच, फक्त ती कोळ्याच्या, शेतकऱ्याच्या नावावर पडते. नियम बराचसा भाग कंपनीच्या वहीत आणतो, आणि आपण म्हणतो, खर्च वाढला! तेव्हा असं कुणी म्हणालं की विचारा: वाढला, की आता दिसायला लागला?

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.