भाषेचा वर्ग आणि वस्ती

परदेशी विद्यार्थ्यांनी पुण्यात राहून मराठी भाषा व संस्कृती शिकण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठी वर्गही येथे भरत आले आहेत. अशा अभ्यासाची फलश्रुती काय असावी, हे जोखण्यास डॉ. एलिनॉर झेलियट यांचे 'फ्रॉम अनटचेबल टू दलित' (१९९२) हे पुस्तक उत्तम कसोटी ठरते. १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकरी चळवळीवर प्रबंध सादर करणाऱ्या या विदुषींनी चोखामेळ्यापासून दलित साहित्यापर्यंतचा प्रवास या लेखसंग्रहात मांडला. ज्यांचा इतिहास लिहावयाचा, त्यांचेच शब्द प्रमाण मानणे, हे त्यांचे सामर्थ्य होय.

अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांविषयी आमचा आक्षेप येथेच आहे. सण, संगीत आणि जुने वाडे दाखविणे सोपे. वस्तीतील माणसाचे ऐकणे कठीण. यजमान घर ज्या आळीतले, तिचीच बोली पाहुण्यास 'शुद्ध मराठी' वाटू लागते. 'जयभीम' हा शब्द ज्याच्या कानी पडलाच नाही, त्यास १४ ऑक्टोबर १९५६ चा अर्थ कसा उमगावा? व्याकरण पक्के होईल, समाज मात्र अनोळखीच राहील.

वारज्यासारख्या उपनगरातील विहारात होणारी पौर्णिमेची वंदना हाही मराठीचा वर्गच आहे. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी विद्यार्थ्यांस तेथवर आणावे; आपल्या विहारांनीही त्यांना केवळ सत्काराचे पाहुणे न मानता अभ्यासक मानावे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परक्या देशाची शोभा पाहण्यासाठी नव्हे.