साक्ष, पत्रे आणि वाँटेजचा मठ

धर्मसेवेच्या शिक्षणासाठी एखाद्या संघात घालविलेली वर्षे उत्तरायुष्यात कशी आठवली जातात, हा प्रश्न मराठी आत्मपर लेखनाच्या समीक्षेने फारसा उपस्थित केलेला नाही. ख्रिस्ती आत्मकथनांकडे आपण धर्मांतराची कथा म्हणून पाहतो. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'चे नावच वाचनाची दिशा ठरवून टाकते : उजाडले की कथा संपली. उजाडल्यानंतरचा दिवस, म्हणजे संघातील शिस्त, वरिष्ठांचा अधिकार, ताटातले अन्न, रोजची प्रार्थना, या वाचनात हिशेबातच येत नाही.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत मात्र हा दिवस दोन वेगवेगळ्या संहितांमधून उपलब्ध आहे. १८८३ साली त्या इंग्लंडात वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या मठात दाखल झाल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलगी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या काळाचे स्मरण त्यांनी १९०७च्या आपल्या साक्षीत केले आहे. तेथे सारे ऋण आणि कृतज्ञता आहे. सिस्टर जेराल्डिन या तेथे आध्यात्मिक माता आहेत, चेल्टनहॅमच्या मिस बील वात्सल्याची मूर्ती आहेत. भगिनींनी लंडनजवळच्या फुलहॅम येथे 'पतित' स्त्रियांसाठी चालविलेले काम पाहून मन कसे पालटले, हे सांगताना निवेदन थोडे रेंगाळते, आणि ते योग्यच आहे. शारदा सदन आणि मुक्ती यांचे बीज वाचकाला तेथेच सापडते.

दुसरी संहिता त्याच काळातील पत्रांची. अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. येथे साक्षीतली शांतता औषधालाही नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत? अंडी घातलेला पदार्थ न खाणे हा जातीचा ताठा की विवेकाचा प्रश्न? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांनी सांगावे आणि आपण ते ऐकावे काय? त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटत नसेल तर तो केवळ चर्चच्या अधिकारावर मानावा काय? विद्यार्थिनी तर्क करते, गुरू तिच्यातल्या अहंकारावर बोट ठेवते.

उल्हासनगरच्या माझ्या वर्गात, अंबरनाथ-बदलापूरहून लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे, हे दोन्ही मजकूर एकत्र ठेवले की कौल बहुधा पत्रांच्या बाजूने पडतो. पत्रांतली रमाबाई खरी, साक्षीतली प्रचारकी. आपली समीक्षाही अनेकदा याहून फार पुढे गेलेली नाही. साक्ष हा वाङ्मयप्रकार कृतज्ञतेची सक्ती करतो, हे खरेच. पण पत्र या प्रकाराचेही संकेत असतात. रमाबाई ज्या बाईशी अधिकाराच्या मर्यादेवरून भांडतात, तिला त्या इंग्रजी पत्रात 'आजीबाई' असे मराठीत संबोधतात. या एका शब्दामुळे मठातली श्रेणी नात्याच्या घरात येते. नातवंडाने आजीशी वाद घालावा, त्यात घर मोडण्याचे भय नसते. त्यामुळे पत्रांतला कलह म्हणजे सत्य आणि साक्षीतला जिव्हाळा म्हणजे मुलामा, ही विभागणी स्वतः पत्रेच मान्य करीत नाहीत. शिवाय ही पत्रे जमवून, जपून ठेवली ती जेराल्डिन यांनीच. शिष्येचा विरोध आपल्यापर्यंत पोचतो तो गुरूच्या दप्तरातून.

साक्ष लिहिणारी रमाबाई कुठे बसून लिहीत होती, हे अधिक महत्त्वाचे. १९०७ साली ती केडगावला होती, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या वसाहतीची प्रमुख म्हणून. तेथे मुली छापखान्यात खिळे जुळवीत, माग चालवीत. १९०५च्या धर्मजागृतीनंतर प्रार्थनेची पथके करून सुवार्तेसाठी बाहेर पडत. शिस्त लावणे, अन्न ठरविणे, कोणी काय शिकावे हे सांगणे आता तिच्याकडे आले होते. वाँटेजची शिष्या जेराल्डिनच्या जागी येऊन बसली होती. चोवीस वर्षांनी त्या वर्षांकडे पाहणारी नजर मठाधिकारिणीची आहे. साक्षीतला सूर त्यामुळे बदलतो. नवा अधिकार जुन्या अधिकाराला समजून घेतो. मात्र त्याच साक्षीत रमाबाई हेही म्हणतात की त्यांना आधी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नंतर. कृतज्ञतेच्या परिच्छेदांनंतर येणारे हे विधान वाँटेजच्या शिक्षणावरचे त्यांचे सर्वांत कठोर भाष्य आहे, आणि ते भांडणाच्या पत्रांहून कितीतरी शांत आहे.

एक जागा मात्र या युक्तिवादाने भरत नाही. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत ही तरुण मैत्रीणही वाँटेजला गेली होती. बाप्तिस्म्यापूर्वीच, तेथेच, तिने आत्महत्या केली. वाँटेजचे दिवस सांगणाऱ्या साक्षीच्या परिच्छेदांत तिचे नाव नाही.