गवताचा नकाशा आणि गाईचं पोट

कुरणांवर संशोधन करायचं म्हटलं की पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांचं ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ (१९७३) समोर येतंच. देशभरातल्या गवताळ आच्छादनाची पाच गटांत मांडणी करणारं हे पुस्तक आजही वाचायलाच हवं. चराई वाढली की पवना मागे पडतो आणि कुसळी पसरते, हा क्रम ते ओळखायला शिकवतं.

पण गडचिरोलीत काम करणार असाल, तर एक प्रश्न सोबत ठेवा: जमिनीवर जे उगवतं, तेच जनावराच्या पोटात जातं का? नकाशात हा भाग सेहिमा–डायकँथियम, म्हणजे पवना–मारवेल गटात येतो. प्रत्यक्षात जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगल आहे. गुरं साग-बांबूखाली चरतात, झाडपाला ओरबाडतात, मोहफुलं खातात. गोठ्यात धानाचं तणस असतं. तणसात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, तर कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना आहारात साधारण ७ टक्के लागतात. वाळलेली कुसळीही यात कमीच पडते. म्हणजे उन्हाळ्यात पोट भरलेलं, तरी गाय उपाशी!

नुसतं चौकटीतलं गवत कापून वजन केलं, तर हे दिसत नाही. मग सगळा दोष ‘अतिचराई’वर, म्हणजे गुराख्यावर जातो. त्यामुळे गवतांची ओळख या पुस्तकातून करून घ्याच; पण गुरांमागे दिवसभर चाला, कशाचा घास घेतला ते नोंदवा आणि त्याच पाल्याची प्रथिनं प्रत्येक ऋतूत तपासा.