इंग्रजी कुरणातला मोगली घुमट

इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात सेझिनकोट नावाचा एक वाडा आहे. भोवती हिरवी कुरणे, चरणाऱ्या मेंढ्या, जुनी झाडे. आणि त्यांच्या मधोमध, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तांब्याचा फुगीर मोगली घुमट! पावसापाण्याने तो आता हिरवा पडला आहे. मी हा वाडा पाहिला तो छायाचित्रांतून. प्रथम हसू येते. पण हसून सोडून द्यावा असा तो नव्हे.

कर्नल जॉन कॉकरेल याने १७९५ साली ही मिळकत घेतली. तीन वर्षांनी तो वारला आणि ती त्याचा भाऊ चार्ल्स याच्या हाती आली. चार्ल्सने कंपनीच्या चाकरीत आणि कलकत्त्याच्या पेढीत बख्खळ पैसा जोडला होता. आणखी एक भाऊ, सॅम्युअल पीप्स कॉकरेल, वास्तुकार होता. वॉरन हेस्टिंग्जचे डेल्सफर्डचे घर त्याच्याच हातचे. १८०५ च्या सुमारास त्याने सेझिनकोटचे काम धरले. आपल्याकडे दुसरे इंग्रज-मराठा युद्ध संपले तेही त्याच साली. दिल्लीचा बादशहा दोन वर्षांपूर्वीच इंग्रजांच्या छायेखाली आला होता. इकडे मोगलाई नावापुरती उरली आणि तिकडे तिचा घुमट एका पेढीवाल्याच्या माडीवर चढला!

सॅम्युअलने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्याचे डोळे म्हणजे चित्रकार टॉमस डॅनियल. हा आपल्या पुतण्याला घेऊन १७८६ साली कलकत्त्याला उतरला, वर्षानुवर्षे देशभर हिंडला, १७९३ मध्ये मुंबईकडची लेणीही त्याने चितारली. काका-पुतण्यांची १४४ चित्रे पुढे विलायतेत छापून निघाली.

आता माझे म्हणणे. छज्जा कशासाठी असतो? वैशाखातले ऊन भिंतीवर येऊ नये, आषाढातली झड खिडकीत शिरू नये, म्हणून. जिथे चार दिवस ऊन पडले तर लोक खुर्च्या बाहेर काढतात, तिथे ही सावली कोणाला हवी होती? तरी मधाच्या रंगाच्या त्या दगडी भिंतींना या छज्ज्याने मोठा डौल आणला आहे, हे कबूल केले पाहिजे.

खरी बहार आहे ती बाजूच्या वळणदार दालनात. थंडीत संत्र्यांची झाडे जपायची, म्हणून ते मोठमोठ्या खिडक्यांचे केले. कमानी आपल्या वळणाच्या, पण काम उलटे: ऊन अडवायचे नाही, आत घ्यायचे! इथे नक्कल संपली आणि काहीतरी नवे जन्माला आले.

बागेत मात्र माझे मन लागत नाही. डॅनियलने तिथे सूर्याचे देऊळ मांडले, पुलावर नंदी बसवले, पुलाखाली घारापुरीच्या धर्तीचे खांब दिले. घारापुरीला मी शाळेची मुले घेऊन गेलो आहे. अखंड गलका करणारी ती पोरे त्या खांबांमध्ये शिरताच कुजबुजू लागली. ते खांब कोणी आणून उभे केलेले नाहीत. डोंगर कोरून काढल्यावर मागे राहिलेले आहेत. सारा डोंगर त्यांच्या माथ्यावर आहे असे वाटते. सेझिनकोटला तेच खांब गाडीरस्ता तोलतात. आणि नंदी आहेत, पण पिंड कुठे आहे? देव बाटला अशी माझी तक्रार नाही. ज्याच्याकडे टक लावून बसायचे तेच समोर नसले, की नंदीचा नुसता बैल होतो.

वाड्याच्या आत पाऊल टाकावे तर सगळा ग्रीक धाटणीचा युरोपी थाट! बाहेर अंगरखा, आत कोट-पाटलोण. मला हे ढोंग वाटत नाही. चार्ल्सला हिंदुस्थानची आठवण हवी होती, संसार इंग्रजीच हवा होता.

१८०७ च्या सुमारास इंग्लंडचा युवराज येथे येऊन गेला. ब्रायटनचा त्याचा महाल १८१५ पासून जॉन नॅशने घुमटांनी मढवला, तो हे पाहून असे म्हणतात. त्या महालात दिपवणे फार आहे. सेझिनकोट १९४४ साली क्लाइनवर्ट कुटुंबाने घेऊन डागडुजी केली, आणि लोकांना ते पाहता येते. मला कोणी नेलेच, तर मी पुलाकडे फिरकणार नाही. त्या वळणदार दालनात, संत्र्यांच्या उन्हात, बसून राहीन.